कुइलीची मखमल

पावसाळा ओसरला की सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांवर, करवंदीच्या जाळ्यांवर खाजकुइलीच्या वेलांना गडद जांभळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. पुढे थंडीत शेंगा वाळतात. दोन्ही टोकांना उलटसुलट मुरडलेल्या, आणि अंगभर सोनेरी-तपकिरी लव. ती लव इतकी देखणी, की हात फिरवण्याचा मोह व्हावा. आणि एकदा फिरवला, की माणसाला स्वतःच्या कातडीची अशी सविस्तर ओळख व्हावी, की पुन्हा जन्मात त्याने मखमलीवर विश्वास ठेवू नये. गावाकडे यावर शेण चोळतात. त्याने खाज उतरते की शरमेने खाजेचा विसर पडतो, याचा निवाडा करायला कोणी थांबलेलं नाही.

एवढा पहारा ठेवून ही वेल राखते काय, तर चार-सहा बिया. वैद्य त्यांना कपिकच्छू म्हणतात, दुधात शिजवून, सालं काढून वापरतात, कंपवातावरही देतात. 1937 साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी त्या बियांतून एल-डोपा नावाचं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं करायचं काय, हे मात्र जगाला सुचायला आणखी वीस वर्षं गेली. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन टोचलं. हे रेसरपिनही आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा दिलं, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. सशांच्या त्या उठण्याला 2000 साली नोबेलचा मान मिळाला.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन आटत जातं. ते बाहेरून पाठवावं, तर मेंदूच्या वेशीवरच अडवलं जातं. एल-डोपाला मात्र आत सोडतात, आणि आत शिरल्यावर तेच डोपामिन होतं. सह्याद्रीत वाढलेल्या वेलीला गनिमी कावा निराळा शिकवावा लागत नसावा.

आमच्या शेजारचे अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक. फळ्यावरचं त्यांचं अक्षर मागच्या बाकावरूनही वाचता यायचं. कंपवातात ते अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. बँकेला सही पटेना. चहाची बशी हातात किणकिणू लागली, तेव्हा काकूंनी काही न बोलता स्टीलचा पेला आणला आणि अण्णांनीही काही न बोलता तो घेतला. एल-डोपाच्या गोळ्यांनी हात बराच सावरला. दुखणं त्यांनी मुळातून जात नाही, पण सकाळ बरी जाते. आणि त्या वयात बरी सकाळ ही काही लहान मिळकत नव्हे.

मध्यंतरी गावाहून कोणीतरी कुइलीच्या बियांचं चूर्ण पाठवलं. डॉक्टरांनी पुडी बघितली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, “अण्णा, हे मनाने घ्यायचं नाही. तुमच्या गोळीत जे आहे तेच यात आहे, आणि किती आहे ते या पुडीला ठाऊक नाही. दोन्ही मिळून जास्त झालं, तर हातपाय नको तेव्हा नाचायला लागतील.”

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे वर्गातली पोरं माझ्या खुर्चीवर कुइली टाकायची, ते औषधच होतं म्हणायचं. बिचारी बाहेरून लावत होती, एवढंच.”