मोजणीमामा

भूमी अभिलेखच्या कचेरीत शिरण्याआधी माणूस समोरच्या टपरीवर चहाला थांबतो आणि तिथंच त्याची मोजणीमामाशी गाठ पडते. तालुक्याला एक तरी मोजणीमामा असतोच. आमच्या उसाच्या पट्ट्यात दोन-तीनही सापडतील. हा माणूस भूकरमापक नाही, वकील नाही आणि एजंट तर नाहीच नाही. एजंट म्हटलेलं त्याला फार लागतं. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत फुगलेली रेक्झिनची पिशवी. मोबदला म्हणून तो फक्त चहा घेतो. सल्ला लांबला तर चहाबरोबर भजी येतात, आणि सल्ला किती लांबवायचा हे अर्थातच मामाच्या हातात असतं.

"मामा, मोजणी आणायची हाय. अर्ज कसला भरू?"

दुसरा कुणी असता तर त्यानं गट नंबर विचारला असता. मामा विचारतो, "भांडण कुणाशी हाय?"

सभ्य माणसं या प्रश्नानं दचकतात. भांडण कसलं, आपलं सहज, असं काहीतरी पुटपुटतात. "सहज कुणी मोजणी आणत न्हाई," मामा बशीत चहा ओततो. "लगीन करत्यात लोकं सहज."

मामाचं सगळं शास्त्र या एका प्रश्नावर उभं आहे. भांडण शेजाऱ्याशी असेल तर हद्द कायम मोजणी. भावाशी असेल तर पोटहिस्सा. सरकारशी असेल, म्हणजे रस्त्यात नाहीतर कालव्यात रान जाणार असेल, तर संयुक्त मोजणी. ती सरकारच लावतं, आपण बांधावर हजर राहून विहीर, पाइपलाइन आणि झाडं कागदावर येतायत का ते बघायचं. प्लॉट पाडायचे असतील तर बिनशेती मोजणी, तिथलं भांडण पुढं गिऱ्हाइकाशी होतं. आणि झालेल्या मोजणीशीच भांडण असेल, तर निमताना. त्यात वरचा अधिकारी येऊन खालच्याचं माप पुन्हा तपासतो. निमताना हा शब्द मामा असा उच्चारतो, की ऐकणाऱ्याला आपलंही एखादं असावं असं वाटू लागतं.

त्याचा खरा जीव मात्र हद्द कायममध्ये. कारण तिथं जुन्या मोजणीचं टिपण लागतं. पिशवीतून काळपट पडलेली झेरॉक्स निघते, चष्मा नाकावर घसरतो आणि मामाचं बोट एकेका रेघेवरून चालू लागतं. टिपणावरची मापं साखळी आणि आण्यात. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे 1 गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे 1 एकर. हे सांगताना मामाचा चेहरा इतका प्रसन्न होतो, की हिशेब त्यानंच बसवला असावा. इंदापूर तालुक्यात 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मोजणीची घडी बसवली, त्यांचा उल्लेख तो मागच्या महिन्यात बदली होऊन गेलेल्या कारकुनांसारखा करतो. "गोल्डस्मिड सायबाच्या कामात खोट न्हवती. त्याच्या आधीचा तो प्रिंगल, त्यानं घोळ घातला हुता. आता जी खोट हाय ती साखळीत न्हाई, नांगरात हाय. दर पेरणीला एक तास बांध कोरायचा आन मग म्हणायचं, नकाशा चुकला."

हद्द कायम मोजणीबद्दल लोकांचे दोन गैरसमज मामा आधीच दूर करतो. पहिला, तिच्यानं जमीन वाढते. सातबारावर 2 एकर असतात, वहिवाटीत 1 एकर 36 गुंठे भरतात, आणि हरवलेले 4 गुंठे मोजणीवाला पिशवीतून काढून देईल अशी आशा असते. मामा सांगतो, हद्द कायममध्ये नकाशाची हद्द जमिनीवर उतरवून दाखवतात, सातबाराचं क्षेत्र भरून देत नाहीत. जमिनींच्या एकत्रीकरणात गट पाडताना कागद आणि नकाशा एकमेकांना चुकले असतील, तर आधी दुरुस्तीचा अर्ज. दुसरा गैरसमज, मोजणी झाली की शेजारी उठून जातो. अतिक्रमण मोजणीच्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर दिसतं, रानातून निघत नाही. ते काढायला दिवाणी कोर्ट आहे, आणि तिथले मामा वेगळे असतात.

मध्यंतरी पुण्याहून वडिलार्जित दीड एकर बघायला एक इंजिनिअर आले होते. त्यांनी खाजगी सर्व्हेअरकडून चढउताराच्या रेषांसकट रंगीत नकाशा करून आणला होता. मामानं तो आदरानं उघडला, उलटा-सुलटा पाहिला, पुन्हा घडी घातली. "झकास हाय. ह्यो बंगला बांधणाऱ्याला द्या, पाणी कुठं साचंल ते त्याला कळंल. पर शेजाऱ्याला दाखवू नका. त्याला सरकारी शिक्का नसलेली रेघ दिसत न्हाई." मग ड्रोनची गोष्ट निघाली. गावात ड्रोन फिरलाय म्हणे, मग आमचं रानही मोजलं गेलं असेल ना? मामानं कपाळाला हात लावला. स्वामित्व योजनेतला ड्रोन गावठाणातली घरं मोजायला आला होता. शेताच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही.

पोटहिश्श्याचा अर्ज घेऊन दोघे भाऊ एकत्र आले, की मामा खूश होतो आणि काळजीतही पडतो. गेल्या उन्हाळ्यात असेच दोघे आले. एका मोटारसायकलवर, बोलणं गोडीत.

"रस्त्याकडची बाजू कुणाला?" मामानं विचारलं.

दोघंही एकदम म्हणाले, "ते मोजणीवालं सांगत्याल की!"

"मोजणीवाला तुमचा पंच न्हाई. तुम्ही वाटणी सांगायची, त्यानं मोजायची. बरं, बहिणी किती?"

यावर टपरीवर शांतता पसरली. थोरल्यानं पानाची पिंक टाकायचं निमित्त काढलं. बहिणी दोन होत्या, आणि मुंबईत एक आत्याही होती, जिचं नाव सातबारावर होतं आणि जिला दहा वर्षांत कुणी फोन केला नव्हता. सगळ्या सहधारकांच्या संमतीवाचून, नाहीतर तहसीलदाराच्या किंवा कोर्टाच्या आदेशावाचून पोटहिस्सा होत नाही, हे मामानं समजावलं. "आधी आत्याला आंबे धाडा. अर्ज मागनं." भावांनी पेटी पाठवली. आत्यानं आंबे खाल्ले आणि हिस्सा मागितला. तेव्हापासून ते दोघे भाऊ वेगवेगळ्या मोटारसायकलींवर येतात.

मामाला एका गोष्टीचं दुःख आहे. पूर्वी मोजणीला साधी, तातडी, अतितातडी आणि अतिअतितातडी अशा पायऱ्या होत्या. जेवढी घाई तेवढी फी. माणसाचा राग किती रुपयांचा आहे हे त्यावरून नेमकं कळायचं. 2024च्या डिसेंबरपासून फक्त नियमित आणि द्रुतगती उरलं. "मधल्या रागाच्या माणसानं कुठं जायचं?" हा मामाचा सवाल रास्त आहे. ऑनलाइन अर्ज, उपग्रहावरून माप घेणारं रोव्हर यंत्र, हे मात्र त्यानं पचवलंय. फक्त ऊस तुटल्याशिवाय मोजणी लावू नका, असं तो अजून बजावतो. उपग्रहाला उसाची अडचण नसेल, पण रोव्हर धरून बांध शोधणाऱ्या माणसाला असते.

परवा मामाचा स्वतःचा बांधशेजारी टपरीवर आला. जरा ओशाळा. "मामा, अर्ज कसला भरू?"

"भांडण कुणाशी हाय?"

"तुमच्याशीच की."

मामानं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि दोन चहा सांगितले. हद्द कायम, नियमित कशाला, द्रुतगतीच भर, म्हणाला. अर्जात गट नंबर चुकला होता तो लाल पेनानं सुधारला, लगतच्या खातेदारांत स्वतःचं नाव आणि पुरा पत्ता आपल्या हातानं लिहून दिला. मोजणीच्या दिवशी सकाळी चुना पडला, खुंट्या ठोकल्या. मामाची तुरीची शेवटची ओळ शेजाऱ्याच्या रानात निघाली. मामानं चष्मा लावला, खुंटीपाशी उकिडवा बसला, दोन्ही बाजूंनी नजर लावून पाहिली आणि भूकरमापकाला म्हणाला, "काम चोख हाय तुमचं. शंका घ्यायला जागा न्हाई." मग रेक्झिनच्या पिशवीतून निमतान्याचा भरलेला अर्ज काढला. त्यात फक्त तारीख टाकायची राहिली होती.