आलिशान गाडीचे स्पीकर बदलणे : नगरी पद्धत

जर्मन अभियंत्यांनी महागड्या गाडीला दुहेरी काचा दिल्या, दारांना जाड रबर लावलं, तळाशी आवाज शोषणारे थर अंथरले. आतला आवाज आत राहावा आणि बाहेरचा बाहेर, एवढ्याचसाठी. आपली अडचण नेमकी इथेच आहे. आतला आवाज आतच राहिला, तर पारावर बसलेल्यांना कळणार कसं? म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : स्पीकर गाडीबाहेरच्या माणसासाठी निवडायचा असतो. मालकाला ऐकू आलं तर उत्तमच.

आधी गाडीची कुंडली मांडा. ऑक्टोबर २०१० मध्ये शेजारच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या गेल्या, ते पेपरात सगळ्यांनी वाचलं. त्या पिढीच्या गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या हातात आहेत. पाटीवर पुण्याचं एमएच १२, मालक मात्र नगर जिल्ह्याच्या एमएच १६ नाहीतर १७ मधला. एवढ्या वर्षांत स्पीकरच्या कागदी कोनाभोवतीचं फोम कुजतं आणि बेसच्या जागी फडफड ऐकू येते. पण फडफड झाली की लगेच दुकान गाठू नका. नगर-मनमाड रस्त्याने राहुरी, कोल्हार करत राहात्यापर्यंत सिस्टिम बंद ठेवून जा. तरीही फडफडलं, तर दोष स्पीकरचा नाही. संगमनेरच्या शाहीर अनंत फंदींनी वाट कशी धरावी याचा उपदेश अठराव्या शतकातच करून ठेवलाय, पण त्यांच्यापुढे हा रस्ता नव्हता.

दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवेल : हजार वॉट! तो पीएमपीओ असतो, म्हणजे स्पीकर मरताना क्षणभर जे ओरडेल ते. रोजच्या संसाराचा आकडा आरएमएस. तो मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, बहुधा दोन आकडी. शंभर वॉटचे दोनशे केले तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो आणि कानाला जेमतेम कळतो. हे दुकानात बोलून दाखवू नये. ‘दादा, बेस बघा ना!’ असं म्हणून तो दार हलवून दाखवेल. तुम्ही मान डोलवायची.

ओहमचं मात्र मनावर घ्या. अशा बऱ्याच गाड्यांत मूळ स्पीकर दोन ओहमचे असतात आणि बाजारात सहज मिळतात चार ओहमचे. चारचा बसवला की अॅम्प्लिफायर जवळपास निम्मीच ताकद देतो, म्हणजे पैसे मोजून आवाज कमी करून घ्यायचा. उलट, चारच्या जागी दोनचा बसवला तर अॅम्प्लिफायर तापून बसतो. शिवाय कंपनीने आवाजाची जुळणी त्या एकाच स्पीकरसाठी केलेली असते. नवा पाहुणा कितीही खानदानी असला तरी सूर जुन्याचाच लावावा लागतो. काही जर्मन गाड्यांत अॅम्प्लिफायर, रेडिओ, पडदा सगळे प्रकाशतंतूच्या एकाच साखळीत गोवलेले असतात. एक कडी निसटली की सगळ्यांची दातखिळी बसते. अशा वेळी ‘आपला पोरगा करतो सगळं’ म्हणणाऱ्या दुकानातून नम्रपणे उठावं. दोन्ही बाजूंच्या वायरींचं प्लस-मायनस मात्र स्वतः तपासा. एक बाजू उलटी लागली की दोन्हीकडचा बेस एकमेकांना खातो, आणि दोष बिचाऱ्या गायकावर येतो.

आता खरी परीक्षा. गळिताचा हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर शेजारी येतो. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना याच नगर जिल्ह्यात, लोणीला उभा राहिला. सहकाराचं हे संगीतमय फळ त्याच्या संस्थापकांच्या ध्यानीमनी नसावं. ट्रॅक्टरला ना दार, ना काच, ना ध्वनिरोधक थर. टपाला बांधलेले दोन बफर आणि कर्णे थेट आभाळाकडे गातात. त्याच्यापुढे तुमची बर्मेस्टर असो की हार्मन कार्डन, काचा वर असतील तर हरलीच. काचा खाली करून बरोबरी साधायला जाल, तर धूळ, पाचटाचे तुकडे आणि मळीचा वास आत. दाराला आतून डांबरी पट्ट्या मारल्या की बेस घट्ट होतो हे खरं, पण इतक्याही मारू नयेत की गाडी नगरच्या रणगाडा संग्रहालयात जमा करावी लागेल.

कायद्याचंही बघून घ्यावं. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती आपण इंजिन सुरू करून दार आपटतानाच वापरून टाकतो.

काढलेले जुने स्पीकर दुकानात सोडू नका. गाडी विकताना ‘कंपनी फिटिंग’ म्हणून तेच परत बसवायचे असतात. आणि कितीही चांगला भाव आला तरी ऊसवाल्याला तर मुळीच देऊ नका. त्याची बॅटरीही बारा व्होल्टचीच असते.