अंतिम पैसेवारी

वर्ष नेमके केव्हा संपते, याविषयी आपल्या समाजात कधीच एकवाक्यता नव्हती. पंचांगाचे वर्ष फाल्गुनी अमावास्येला संपते, व्यापाऱ्याचे दिवाळीत नव्या वहीला हळदकुंकू लागताच जुने होते, सरकारी खजिन्याचे ३१ मार्चच्या मध्यरात्री धापा टाकीत उंबरठा ओलांडते, आणि आम्हा शाळामास्तरांचे पोरांच्या हाती प्रगतिपुस्तक पडले की संपत असे. गगनबावड्यात माझ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या अण्णांचे वर्ष मात्र ३१ जुलैला संपते. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते व ३१ जुलैला पुरे होते. आणि ज्या मनुष्याने उमेदीची ३४ वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात घालवून अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून निवृत्ती पत्करली, त्याला बाकीची सारी वर्षे परक्या संस्थानातली वाटावीत, यात नवल नाही.

घरातल्या माणसांची वर्षभरात किती वाढ झाली याचा जाब विचारणारे कुटुंबप्रमुख सर्वत्र आढळतात. पुण्यामुंबईकडे ते भिंतीवर रंगीत तक्ते टांगतात; परदेशी स्थायिक झालेले नाताळच्या सुमारास कुटुंबाच्या प्रगतीचे सचित्र पत्रक आप्तेष्टांना धाडतात, ज्यात मुलाला मिळालेली पदके असतात आणि मुलाशी झालेली भांडणे नसतात; खेड्यात ते पारावर बसून ‘पोरगं वाया गेलं’ एवढा एका वाक्याचा अहवाल सादर करून मोकळे होतात. अण्णा या वर्गाचे शिरोमणी होत, कारण इतरांची जी हौस, ती त्यांच्या घरी शिरस्ता होऊन बसली आहे.

मूर्ती ठेंगणी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि सदऱ्याच्या खिशात दोन लेखण्या: निळी स्वतः लिहिण्यासाठी, तांबडी इतरांनी लिहिलेले तपासण्यासाठी. कोणतीही बेरीज वरून खाली आणि मग खालून वर अशी दोनदा केल्याखेरीज त्यांनी जन्मात तिच्याखाली सही केलेली नाही. वाण्याची यादी असो, देवळाच्या वर्गणीचा कागद असो, त्यांच्या हाताखालून गेला की त्यावर ‘तपासले, बरोबर आहे’ हे तीन शब्द उमटतात. आणि बरोबर नसेल तर उमटत नाहीत, मग समोर साक्षात व्याही का उभे असेनात. एका लग्नात आहेराच्या बेरजेत अकरा रुपयांची तफावत निघाली म्हणून वरात दीड तास खोळंबली होती. अखेर ते अकरा रुपये सापडले तेव्हा ते अण्णांच्याच कोटाच्या खिशात, द्यावयाच्या राहून गेलेल्या पाकिटात निघाले. त्यांनी ते तिथल्या तिथे जमा करून घेतले व वरातीला हलण्याची परवानगी दिली. त्या घरात बेरजेच्या बाबतीत अण्णांच्या तोडीचे एकच माणूस आहे, ते म्हणजे काकी. त्या लेखणीला हात लावीत नाहीत. परंतु बाजारातल्या बाईने सात भाज्यांच्या हिशेबात आठ आणे जास्त धरले तर ते पिशवी उचलण्यापूर्वी त्यांच्या ध्यानात येते.

कौटुंबिक आढाव्यास ३१ जुलै ही तारीख गगनबावड्यात अतिशय सोयीची पडते. जिल्ह्यातला हा सर्वांत कमी वस्तीचा तालुका आणि सर्वांत जास्त पावसाचा; वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या पुढे जाणारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच आपला बहुतेक कार्यभाग उरकून घेतो. गावापासून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. त्यांत दरड आली की कोकण बंद, आणि मांडुकलीपाशी कुंभीचे पाणी रस्त्यावर चढले की ५५ किलोमीटरांवरचे कोल्हापूर बंद. अशा दिवशी घरातले कोणीही ‘जरा जाऊन येतो’ असे म्हणू शकत नाही. इतर सभांना गणसंख्येची विवंचना असते. अण्णांच्या सभेची गणसंख्या पाऊस भरून देतो. सोप्यात घोंगडी अंथरली जाते, चुलीजवळ वाळत घातलेल्या कपड्यांचा दमट वास दरवळत असतो, आणि तटस्थ पंच या नात्याने मला भिंतीपलीकडून हाक येते, “मास्तर, या! कामकाज सुरू करायचंय.”

या मातीलाच हिशेबाचा वारसा आहे, असे अण्णांचे ठाम मत आहे. बावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठाणे. १६७४ साली राज्याभिषेकसमयी मुजुमदार या फारसी हुद्द्याला अमात्य असे संस्कृत नाव मिळाले, आणि अमात्य म्हणजे राज्याचा जमाखर्च तपासून पाहणारा. “मास्तर,” अण्णा म्हणतात, “रामचंद्रपंतांनी राज्याचा हिशेब पाहिला, आम्ही तालुक्याचा पाहिला, आता घराचा पाहतो. क्षेत्र कमी झालं. काम तेच आहे.”

काम तेच असल्यामुळे पद्धतही तीच ठेवणे प्राप्त होते. शेतातले पीक अपेक्षित उताऱ्याच्या मानाने किती आले, हे महसूल खाते पैसेवारीने ठरवते. जुनी माणसे तिला अजून आणेवारी म्हणतात, कारण पूर्वी सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असे. खरिपाची पैसेवारी तीनदा जाहीर होते: आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि वर्षाच्या अखेरीस अंतिम. अण्णांच्या घरी नजरअंदाज पैसेवारी गौरीगणपतीत जाहीर होते, सुधारित दिवाळीच्या पाडव्याला, आणि अंतिम ३१ जुलैला. सरकारात ती डिसेंबरात लागते खरी, परंतु माणसाचे पीक भातापेक्षा उशिरा पोसते म्हणून अण्णांनी सात महिन्यांची मुदतवाढ मंजूर केली आहे. दुसऱ्या दिवशी १ ऑगस्टला, म्हणजे महसूल दिनी, प्रत्येकाला नव्या वर्षाचे इष्टांक वाटले जातात.

थोरला चिरंजीव भात, नाचणी आणि ऊस पाहतो. वेसरफ-पळसंब्याच्या कारखान्याला किती टन ऊस गेला हा आकडा त्याच्यापाशी असतो. परंतु गव्यांच्या कळपाने एका रात्रीत जो तुडवला तो कोणत्या रकान्यात धरावा, ‘नैसर्गिक आपत्ती’ की ‘कर्त्याचे दुर्लक्ष’, यावर बापलेकांत दरवर्षी चहा निवेपर्यंत खल होतो. गेल्या साली त्याला ५८ पैसे पडले. सूनबाईने बचत गटाचे कर्ज फेडून शिलाईयंत्र स्वतःचे केले, म्हणून ७२. शेरा: ‘बोलण्यातही काटकसर अपेक्षित.’ नातीची उंची दाराच्या चौकटीवर रेघ ओढून मोजली जाते, परंतु आमच्याकडच्या ओलीने पावसाळ्यात लाकूड फुगते, त्यामुळे वाढलेल्या उंचीपैकी पोरगीची किती व चौकटीची किती हा वाद मिटवण्यासाठी अण्णा दोन सूत वजावट करतात. म्हैसही आढाव्यात असते, कारण गाव नमुना नंबर १३ मध्ये लोकसंख्या आणि जनावरे यांची माहिती एकाच ठिकाणी ठेवतात, आणि जे सरकारला अपमानास्पद वाटले नाही ते कुटुंबाला का वाटावे, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. दूध संस्थेत तिच्या दुधाची फॅट रोज दोन वेळा यंत्राने निघते. असा निर्विवाद पुरावा घरात दुसऱ्या कोणाचाच नसल्यामुळे ८५ पैसे घेऊन ती सतत पहिली येते. काकींच्या नावापुढे मात्र आकडा कधीच पडलेला नाही. तेथे दर साली दोनच शब्द असतात: ‘नेहमीप्रमाणे निरंक.’

खरी चकमक होते ती धाकट्याशी. तो कित्येक वर्षे तलाठी भरतीचा अभ्यास करीत आहे, म्हणजे बापाच्याच खात्यात मागील दाराने शिरू पाहतो आहे. खात्याचा पीक कापणी प्रयोग असा असतो की चिठ्ठीने शेताचा एक तुकडा निवडावा, खुंट्या ठोकून दोरी बांधावी, तेवढाच कापून, झोडून, तोलून पाहावा, आणि त्यावरून साऱ्या शिवाराचा अंदाज बांधावा. अण्णांनी हा प्रयोग धाकट्याच्या वर्षावर केला. नातीने ३६५ चिठ्ठ्यांतून एक उचलली. दिवस निघाला बेंदराचा, आणि अण्णांच्या रोजनिशीत त्या तारखेस नोंद होती: ‘धाकट्याने पोळ्या सहा खाल्ल्या व चार तास निद्रा केली.’ त्या एका दिवसावरून वर्षाचा उतारा काढून त्यांनी ४८ पैसे जाहीर केले. “अण्णा, सणाच्या दिवशी कापणी धरत्यात व्हय?” धाकटा तणतणला. अण्णा म्हणाले, “शेताला सण नसतो.”

परंतु पोरगा अभ्यास करीत होता, ही गोष्ट त्याच क्षणी सिद्ध झाली. ज्या गावाची अंतिम पैसेवारी ५० च्या आत, त्याला टंचाईच्या सवलती देण्याचा प्रघात खात्यात दीर्घकाळ चालत आलेला आहे: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी. धाकट्याने उभे राहून या तिन्ही बाबी पाठ म्हणून दाखवल्या आणि अर्ज केला की, त्याच्याकडून घरखर्चाची वसुली थांबवावी, अण्णांकडून घेतलेल्या हातउसन्या रकमेस स्थगिती द्यावी, आणि पुढच्या परीक्षेचे शुल्क घरच्या खजिन्यातून भरावे. अण्णा पाच मिनिटे निःशब्द होते. मग त्यांनी निळी लेखणी काढली आणि ‘मंजूर’ असे लिहिले. आणि मला खात्रीने सांगता येते की त्या मुलाच्या कोणत्याही यशाने त्यांच्या चेहऱ्यावर आले नसते असे समाधान त्याच्या या हरामखोरीने आले होते.

मी एकदा त्यांना छेडले. म्हटले, “अण्णा, तुमच्या अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. त्यात आंबा-फणसाची झाडे बेछूट तोडू नयेत असे बजावताना त्यांनी कारण दिले आहे की झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ जपून वाढवलेली असतात. जो माणूस झाडाला वर्षाचा हिशेब मागत नव्हता, त्याच्या गावात तुम्ही लेकरांना मागता!” अण्णांनी चष्मा पुसला, गांभीर्याने विचार केला, आणि म्हणाले, “ते कलम वनखात्याकडं जातं, मास्तर.”

गेल्या ३१ जुलैला मात्र कामकाजाला निराळेच वळण लागले. धाकट्याने हरकत घेतली: “पैसेवारीच्या समितीवर अध्यक्षबी हाय, आन् अध्यक्षाचं शेतबी हाय. मग त्याच्या पिकाची पैसेवारी कुणी काढायची?” हरकत लेखी होती व मुदतीत होती. अण्णांनी ती दाखल करून घेतली, आणि नियमानुसार घरातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्येकडे, म्हणजे काकींकडे, वही आणि निळी लेखणी सुपूर्द केली.

अण्णांचे इष्टांक पाच होते, आणि सारे त्यांनीच स्वतःवर लादलेले. चैत्रात छातीत कळ येऊन गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना नुसती विश्रांती सांगितली होती, तर या गृहस्थाने विश्रांतीचाही इष्टांक ठरवला, दिवसाला दोन तास चाळीस मिनिटे, आणि तो भरला की नाही या काळजीने रात्रीची झोप उडवून घेतली. काकी एकेक बाब वाचीत गेल्या आणि सर्वानुमते आकडा मांडीत गेल्या. विश्रांती व पथ्य: ४०. संताप आवरणे: ३०. गगनगडावर गगनगिरी महाराजांच्या मठापर्यंत दर पौर्णिमेस पायी जाणे: २०, कारण एक पौर्णिमा साधली होती आणि दुसऱ्या पौर्णिमेला स्वारी पायथ्याच्या चहाच्या टपरीवरून परतली होती. देणी फेडणे: ९५, माझी छत्री गेल्या श्रावणापासून त्यांच्याकडे असल्यामुळे पाच पैसे कापणे न्याय्य होते. घरकामात मदत: ७०, आणि हा आकडा ऐकून सूनबाईने पदर तोंडाला लावला.

काकींनी खाली रेघ ओढली. एकूण २४०, सरासरी ४८.

“पन्नासच्या आत आलं,” त्या वही पुढे सारीत म्हणाल्या. “म्हंजी औंदा वसुली न्हाई, आन् उद्याच्याला नवं इष्टांकबी न्हाईत. निवांत बसायचं. घ्या, तपासा.”

सोप्यात कोणी बोलेना. कौलांवर पावसाचा मारा चालू होता. अण्णांनी तांबड्या लेखणीचे टोपण काढले आणि ती पाच आकड्यांवरून सावकाश वरून खाली नेली, मग खालून वर नेली. माझ्या जागेवरून वही दिसत होती आणि आयुष्यभर पोरांच्या बेरजा तपासलेल्या डोळ्यांना न मोजता राहवत नाही: बेरीज २५५ होती, सरासरी ५१. आठ आण्यांची चूक हवेत पकडणाऱ्या बाईची पंधराने चूक! अण्णांनी मान वर करून काकींकडे पाहिले. त्या चुलीवरच्या आधणाकडे पाहत होत्या. तांबड्या लेखणीचे टोपण पुन्हा लागले. त्यांनी निळी मागून घेतली, ‘तपासले’ असे लिहिले, आणि पुढचे दोन शब्द लिहायला अंमळ वेळ घेतला. पण लिहिले, आणि खाली सही केली.

मी उठलो तसे ते लगबगीने आत गेले व माझी छत्री घेऊन आले. “न्या ही, मास्तर. थकबाकी नको.”

“असू द्या तुमच्याकडेच,” म्हणत मी अंगणात उतरलो आणि त्या धो धो पावसात भिजत घर गाठले. छत्री घेतली असती, तर आकडा बावन्न झाला असता.