आधुनिक पुरुष होऊ इच्छिणाऱ्यांस काही व्यवहार्य सूचना

मिशीचा पीळ, आवाजातील जरब, जेवणवेळेस पाट-पाणी मांडलेले असण्याची अपेक्षा आणि डोळ्यांत पाणी न येण्याची प्रतिज्ञा, या चार कलमांची पौरुषाची जी सनद आमच्या आजोबांच्या पिढीने निर्वेधपणे उपभोगली, ती आता बहुतांशी रद्दबातल झाली असून, नव्या सनदेत कोणती कलमे असावीत याविषयी विद्वानांत, वधूवर-सूचक मंडळांत आणि भावी सासवांत अद्याप एकवाक्यता झालेली नाही. अशा संधिकाळात शहरातील सुशिक्षित, पगारदार गृहस्थ गांगरून गेला तर नवल नाही. त्याच्या सोयीसाठी पुढील सूचना सादर करीत आहोत. कमीत कमी श्रमांत आधुनिक पुरुष म्हणून लौकिक कसा संपादावा, एवढाच त्यांचा मर्यादित हेतू आहे. खरोखरीच आधुनिक होण्याची आकांक्षा धरणाऱ्याने अन्य गुरू करावा.

लौकिकाचा राजमार्ग स्वयंपाकघरातून जातो, आणि त्या मार्गाने जाण्यात परंपरेचा भंग होईल ही भीती सर्वस्वी निराधार आहे. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेला भीम आणि पाककौशल्यात प्रवीण असलेला नलराजा हे आपले पूर्वसूरी असून, लग्नाच्या मांडवात पाचशे पानांचा स्वयंपाक सहज उरकणारे आचारीही परंपरेने पुरुषच आहेत. तेव्हा पुरुषास रांधता येत नाही असे शास्त्र कोठेही नाही. मोबदल्यावाचून, रोजच्या रोज आणि घरच्या चार माणसांसाठी त्याने रांधू नये, एवढाच काय तो वहिवाटीचा दंडक. होतकरूने या वहिवाटीस धक्का न लावता पदार्थ निवडावा. पोळ्या कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्या रोज लागतात, सकाळी सातच्या डब्यासाठी लागतात आणि त्यांचे छायाचित्र कोणी काढीत नाही. रविवारचे मटण अथवा बिर्याणी हा उत्तम पर्याय होय. आरंभ करताना ‘हळद कुठे आहे?’ असा प्रश्न मोठ्याने विचारावा, आणि मिसळणाचा डबा दहा वर्षे एकाच जागी असला तरी दर खेपेस विचारावा. त्यामुळे आपण परक्या मुलुखात स्वारीवर आलो आहोत हे घरातील सर्वांच्या लक्षात राहते. स्वयंपाक आटोपल्यावर ओट्यावर जे काही उरते, ते पाहण्यास थांबू नये. पाहुणे जेवून तृप्त झाले म्हणजे पत्नीने आपणहून ‘आज सगळं यांनीच केलंय हं’ असे म्हणावे. ती विसरली, तर सूचक खोकावे.

हा लौकिक आजमितीस किती स्वस्त आहे, ते सरकारी आकड्यांवरून ध्यानात येईल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली, तीत सहा वर्षांवरील पुरुषांपैकी दिवसभरात घरचे बिनमोबदल्याचे काम काहीतरी करणारे २६.१ टक्के निघाले आणि स्त्रिया ८१.२ टक्के, शिवाय जे करतात, त्यांपैकी पुरुषांचा दैनिक वेळ सरासरी ९७ मिनिटे व स्त्रियांचा २९९ मिनिटे भरला. अज्ञ लोक या आकड्यांवरून हळहळतात. होतकरूने त्यांतील संधी ओळखावी. चारांतील तिघे मैदानातच उतरत नाहीत, अशा शर्यतीत एक कप चहा करूनही पारितोषिक मिळू शकते, आणि ही सवलत स्पर्धकांची संख्या वाढेपर्यंतच आहे.

पितृत्वाच्या बाबतीत केंद्र सरकारची पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवसांची रजा आहे, मातेस १८० दिवसांची; म्हणजे किती पितृत्व पुरेसे, याचा निवाडा सरकारनेच करून ठेवला आहे. या रजेतील फार तर एक सायंकाळ तान्ह्या बाळास छातीशी बांधून सार्वजनिक उद्यानात घालवावी. बाकांवरच्या आजीबाई ‘किती हो करतो हा!’ असे उद्गार काढतील. त्याच उद्यानात, त्याच बाळाला घेऊन त्याची आई गेली, तर त्याच आजीबाई ‘टोपडं का नाही घातलंस?’ असे विचारतील, परंतु तो आपल्या मार्गदर्शनाचा विषय नव्हे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत प्रथम आईचे नाव लावावे, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले आहे. आपल्या अपत्याच्या नावात ते दिसेल तेव्हा हा निर्णय मंत्रिमंडळाचा होता हे सांगण्याची घाई करू नये.

चारचौघांत बसल्यावर स्त्रीदाक्षिण्याची चर्चा निघाल्यास बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकाचा उल्लेख करावा. पुस्तक लहान असल्यामुळे चुकून वाचून होण्याचा धोका आहे, एवढी खबरदारी घ्यावी. तदनंतर आगरकरांवर यावे. त्यांनी ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ असा निबंध लिहिला, हे सर्वश्रुत आहे. सुधारणेच्या त्या उत्साही धामधुमीत पुरुषांच्या कमरेला एप्रन बांधावयाचे राहून गेले ते गेलेच, हे मात्र आपण होऊन काढू नये. दाढीचे तेल, पुरुषांची निराळी गोरेपणाची मलमे इत्यादींविषयी विस्तार नको. ती दुकानदारच शिकवतात. रडण्यास आता मुभा आहे, परंतु चित्रपटगृहात, मध्यंतरानंतर आणि एकाच डोळ्याने.

आता या शास्त्राचे मर्म. होतकरूने हवे ते काम करावे, परंतु कामाचे दप्तर कदापि ताब्यात घेऊ नये. गॅसची टाकी केव्हा संपेल, दूधवाल्याचे किती देणे आहे, धाकट्याची लस कोणत्या तारखेस आहे, आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, शाळेत शुक्रवारी हिरवाच सदरा का हवा, ही सारी रोजकीर्द ज्याच्या डोक्यात असते तो घराचा कारभारी होय, आणि कारभाऱ्यास टाळ्या मिळत नाहीत. त्याच्याकडून चूक झाली की जबाब तेवढा मागितला जातो. आपण सदैव हुकमाचे ताबेदार राहावे. काही राहून गेल्यास ‘मला सांगायचंस ना, मी केलं असतं!’ हे वाक्य सौम्य, किंचित दुखावलेल्या स्वरात उच्चारावे. या एका वाक्याने काम न केल्याचा दोष, ते न सांगितल्याचा दोष होऊन समोरच्या व्यक्तीच्या नावे वर्ग होतो. मिशीच्या जोरावर आजोबांना हे साधले नव्हते. त्यांना ओरडावे लागे.

एक धोका मात्र टाळलाच पाहिजे. पत्नी कार्यालयीन कामासाठी पंधरवडाभर परगावी निघाली, तर आपल्या आईस किंवा तिच्या आईस तातडीने बोलावून घ्यावे. तसे न करता जो गृहस्थ मुलांसह एकटा राहतो, त्याला तिसऱ्या दिवशी मिसळणाचा डबा आपोआप सापडतो, पाचव्या दिवशी गॅसच्या टाकीचा अंदाज येऊ लागतो, आणि पंधरवडा संपताना शुक्रवारचा हिरवा सदरा कोणी न सांगता गुरुवारी रात्री इस्त्री होऊन खुर्चीवर पडलेला असतो. त्याचे कौतुक बंद होते, कारण तो ते मागावयास विसरतो. अशा मनुष्यास या सूचनांचा काडीचाही उपयोग नाही. त्याने हा अंक शेजारच्या बिऱ्हाडी द्यावा.