रुपये पन्नास फक्त

नांदेडच्या फलाटावर विनातिकीट उतरलात आणि टीसीने गाठलं, तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड मोजावा लागतो. त्याच चिडीत फलाटावर झोपलेल्या कुत्र्याच्या पेकाटात लाथ घातलीत, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. राग काढायला टीसीपेक्षा कुत्रा परवडतो, तो असा.

लातूरच्या आडतीत तुरीचा भाव रोज हलतो. लाथेचा हा पन्नासाचा भाव १९६० पासून जागचा हललेला नाही. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी विषय लावून धरला, तेव्हा कुठे हा कायदा झाला. त्या काळी पन्नास रुपयांत जवळजवळ अर्धा तोळा सोनं यायचं. लाथ उचलण्याआधी माणूस बायकोच्या गळ्याकडे एकदा बघत असेल. आज चहावाल्याकडचे सुटे परत घेता घेता दंड भरून होतो.

नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी अट आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात, तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेवढी तीन वर्षं कळ काढली की खातं कोरं. पीककर्जाला अशी माफी मिळाली असती तर मराठवाडा कधीच सुखी झाला असता.

आता कोणी वकील म्हणेल, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ विसरलात का? विसरलो नाही. जनावर ठार केलं किंवा निकामी केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कुत्र्याने फक्त एवढी काळजी घ्यायची की अर्धवट मार खायचा नाही.

जुलै २०१६ मध्ये चेन्नईत एका कुत्रीला गच्चीवरून खाली फेकलं गेलं. एकाने फेकलं, दुसऱ्याने चित्रण केलं. ती हाडं मोडून का होईना, जिवंत सापडली. तिचं नाव ठेवलं भद्रा. आरोपी दोघेही वैद्यकीय विद्यार्थी, हे नांदेड-लातूरकरांनी विशेष लक्षात ठेवावं. आपल्याकडे बारावीचं पोर झुरळाची चेतासंस्था झोपेत सांगतं, बेडकाच्या हृदयाचे कप्पे बोटांवर मोजतं. कुत्र्याला दुखतं का, हा प्रश्न ‘नीट’ला अजून आलेला नाही, म्हणून त्याच्या नोट्सही निघालेल्या नाहीत.

कायद्याच्या पाटीवर भद्राचे पन्नास रुपये होत होते. विद्यापीठाने त्या दोघांना प्रत्येकी दोन लाख भरायला सांगितले. पैसे किती घ्यावेत, हे विद्यापीठांना संसदेपेक्षा नेहमीच नेमकं कळतं.

त्याच जुलैत अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात लिब्रे नावाचं एक पिल्लू सोडवलं गेलं. खरजेने खाल्लेलं, नुसता हाडांचा सापळा. त्याचे हाल कुत्रं खाईना, पण माणसांनी मनावर घेतलं. जून २०१७ मध्ये राज्याचा कायदा कडक झाला, त्याला लिब्रेचंच नाव पडलं आणि गव्हर्नरच्या सहीसोबत लिब्रेच्या पंजाचाही ठसा उमटला. सगळं वर्षाच्या आत.

भद्राने पंजा उमटवायचा तो कुठे? दंड वाढवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच संसदेला सुचवलं होतं. भद्राच्या वर्षी ‘आता पन्नास नको’ म्हणून देशभर मोहीम झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने मसुदा काढला, त्यात अघोरी क्रूरतेला किमान ५० हजारांचा दंड आणि कैदेची तरतूद सुचवली, सूचना-हरकती मागवल्या. हरकत कुत्र्याची नव्हती, तरी मसुदा मसुदाच राहिला.

कायदा बदलणं सोपं नसतं, हे मान्य. पण याच १९६० च्या कायद्यात महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती आणली, आणि मे २०२३ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयातही टिकली. ती होती बैलगाडा शर्यतीसाठी. शर्यतीत बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा एकच, वेदना पाच लाखांची आणि वेदना पन्नासाची. फरक एवढाच, की बैलामागे मालक, मालकामागे गाव, गावामागे मतदारयादी. भद्रामागे नुसती चित्रफीत.

आमच्याकडे कुत्र्याला मान नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं, निवडलेल्या कुत्र्याला बक्षीस मिळतं. देवाच्या पायाशी कुत्रा, मंडपात कुत्रा, आणि मंडपामागे खरकट्याला आलेल्या कुत्र्याला धोंडा. तिन्ही ठिकाणी आपली श्रद्धा एकसारखीच असते.

सरकारदरबारीही दखल घेतली जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथून कुत्री हलवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. चाव्यांचा त्रास खरा आहे, रेबीज हा काही विनोद नव्हे. नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनी पालिकांची जबाबदारी आहे, पण पालिकेला वेळ मिळाला तर ना. कुत्रा माणसाला चावला की त्याची नोंद होते. माणूस कुत्र्यावर धावून गेला की त्याला दोष उन्हाळ्याचा.

तेव्हा आता जानवळच्या कारवान कुत्र्यांनी पुढाकार घ्यावा. लातूर जिल्ह्याचं हे गाव त्यांच्यासाठी ओळखलं जातं आणि पळण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांनी रीतसर शंकरपट भरवावा. शर्यत आली की मंच येतो, मंच आला की आमदार येतो, आमदार आला की दुरुस्ती आपोआप येते.

गल्लीतल्या गावठी कुत्र्यांनी मात्र उगाच मागे धावू नये. त्यांना मालक नाही, मत नाही. आणि त्यांच्या पेकाटाचे जे पन्नास रुपये वसूल होतात, तेही सरकारजमा होतात.