‘आता थांबलात तर सगळं वाया’ म्हणणाऱ्या कोर्सविक्याला

महोदय,

पत्राच्या डोक्यावर ‘स. न. वि. वि.’ घालायची रीत आहे. तुम्हाला नमस्कार करायचा नाही आणि विनंती तर मुळीच करायची नाही, म्हणून ते गाळलं. तुमचं, तुमच्या कंपनीचं आणि तुमच्या शहराचं नावही इथं लिहीत नाही. वाचताच तुम्ही स्वतःला ओळखाल. हाच धंदा करणाऱ्या इतरांनीही ओळखावं.

अकोल्याच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या हिशोबखात्यात काम करणारी एक मुलगी तुमच्याकडे स्कायडायव्हिंग शिकायला आली होती. ती माझी भाची. माझ्या भावाची मूर्तिजापूर तालुक्यात कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन आणि कपाशी. कॉलेजात ती एनसीसीत होती. आग्र्याच्या पॅरा कोर्सला जायचं म्हणून पहाटे उठून धावायची. निवड झाली नाही. पुढे नोकरी लागली, पगारातून चार पैसे मागे पडू लागले, आणि तुमची जाहिरात तिच्या मोबाइलवर आली: थायलंडला चला, परवाना घेऊनच परत या.

ती परवान्याशिवाय परत आली. याचं मला दुःख नाही. शिकताना कोणाला वेळ लागतो, कोणाला हवा साथ देत नाही. माझा राग आहे तो ती परतल्यावर तुम्ही पाठवलेल्या व्हॉइस मेसेजवर. अमरावतीत, रुक्मिणीनगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात तिनं तो मला ऐकवला. “मॅडम, आता गॅप घेतला तर झीरोपासून सुरू करावं लागेल. भरलेली फी परत मिळत नाही. दीड लाखाचं पर्सनल लोन आमच्याकडूनच करून देतो, दोन तासांत. स्वप्न अर्धवट सोडू नका.” मेसेज संपला तशी ती म्हणाली, “आत्या, थांबली त सगळे पैसे बुडतीन काय वं?”

कर्ज मिळवून द्यायची एवढी घाई आणि हातोटी तुमच्याकडे आहे, तर तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला तुम्हाला दोन मिनिटं का सापडली नाहीत? तुम्ही दिलं नाही म्हणून मी देते. तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकांनीही ते वाचावं.

तुम्ही विकता तो परवाना अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनचा ‘ए’ परवाना. त्याला किमान 25 उड्या लागतात. त्याच संस्थेची शिफारस आहे की विद्यार्थ्याला शेवटच्या उडीनंतर 30 दिवसांहून जास्त खंड पडला, तर त्यानं पुढची उडी प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली मारावी. ‘ए’ परवानाधारकासाठी हीच मुदत 60 दिवसांची आहे. खंड मोठा असेल तर प्रशिक्षक जमिनीवरचे धडे पुन्हा घेतो आणि गरज वाटली तर एखादी लेव्हल, म्हणजे शिक्षणाचा एखादा टप्पा, मागे नेतो. हे करायलाच हवं, कारण हाताची सवय जाते. पण झीरो कुठे आलं? तिच्या लॉगबुकमधल्या प्रशिक्षकाच्या सह्या पुसल्या जात नाहीत. ते लॉगबुक मी पाहिलं आहे. चौथ्या लेव्हलच्या पानावर शेरा आहे: शरीर स्थिर, वळताना उंचीमापकाकडे बघणं राहिलं, पुन्हा घ्यावी. शिकवणारा माणूस प्रामाणिक होता. काय आलं आणि काय राहिलं ते त्यानं चार शब्दांत लिहून ठेवलं. तुम्ही चार महिने बोललात आणि त्यातलं काहीच सांगितलं नाही.

आता तुमच्या पावतीकडे येऊ. तोंडी तुम्ही म्हणालात, परवान्यापर्यंत सगळं आलं. पावतीच्या तळाला बारीक अक्षरांत आहे: ‘लेव्हल आठपर्यंत; पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या उड्या, साहित्याचं भाडं व पॅकिंग वेगळे.’ आठ लेव्हलनंतर 25 चा आकडा गाठेपर्यंतच्या उड्या कोणाच्या खिशातून होणार होत्या? सुरुवातीच्या तीन लेव्हलला विद्यार्थ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक असतो, त्याला धरून विमानाबाहेर पडतो. चौथीपासून एक राहतो. म्हणजे सुरुवातीच्या एकेका शिकाऊ उडीत विमानातल्या तीन जागा, दोन माणसांचं कौशल्य आणि हवाई छत्रीचं भाडं असतं. ती महाग असणारच, त्याबद्दल कोणी भांडत नाही. पण एखादी लेव्हल पुन्हा घ्यावी लागणं ही या शिक्षणात रोजची गोष्ट आहे. ती खर्चात न धरता पॅकेज विकणं ही लबाडी आहे, आणि ती तुम्ही डोळे उघडे ठेवून केली.

त्याहून वाईट काम तुम्ही वाऱ्याच्या दिवसांत केलं. एकट्यानं उतरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी चौकोनी छत्रीला जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी 14 मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर आहे. त्याहून वारा जास्त असला की अनुभवी माणसं उडत राहतात आणि शिकाऊ पोरं बाकावर बसतात. माझी भाची तशी बसली होती. हार्नेस अंगात, हेल्मेट मांडीवर, नजर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीवर. सुट्टी संपत आलेली, परतीचं तिकीट काढलेलं. ते बसून गेलेले दिवस तुम्ही ‘वापरलेले प्रशिक्षण दिवस’ म्हणून कापलेत. ज्या दिवशी सुरक्षेच्या नियमानंच तिला उडू दिलं नाही, त्या दिवसाचे पैसे तुम्ही कोणत्या सेवेबद्दल घेतले?

याचा परिणाम फक्त पैशावर होत नाही. शिकाऊ विद्यार्थी सुमारे साडेपाच हजार फुटांवर छत्री उघडतो. छत्री नीट उघडली नाही, तर मुख्य सोडून राखीव छत्री उघडायचा निर्णय त्याला अडीच हजार फुटांच्या खाली जाण्याआधी घ्यायचा असतो. पडण्याचा वेग ताशी जवळपास 200 किलोमीटर. हिशोब करून पाहा, या दोन उंचींमध्ये सोळा-सतरा सेकंद असतात. त्या सेकंदांत मुलीच्या डोक्यात उंचीचा आकडा असायला हवा. ही उडी नापास झाली तर पुढच्या उडीचे पैसे कुठून आणू, हा विचार तिथं शिरला तर त्याला जबाबदार कोण? कर्जाच्या हप्त्यावर शिकणारं पोर वारा वाढलेला असतानाही ‘जाऊ द्या मला’ म्हणतं. तिथल्या प्रशिक्षकानं तिला बसवून ठेवलं, त्याचे मी मनापासून आभार मानते. तुमच्या हातात असतं तर तुम्ही तिला पाठवलं असतं, असं मला वाटतं, आणि हे मी रागाच्या भरात लिहीत नाही.

तुमच्या जाहिरातीत पद्मश्री शीतल महाजन यांचा फोटो आहे. त्यांची परवानगी घेतली का, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. तुम्ही पोरांना सांगता की त्यांनी पहिलीच उडी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर मारली, उणे 37 अंशांत, मग तुम्ही कशाला घाबरता? पुढचं सांगत नाही. अंटार्क्टिकावरची त्यांची उडी डिसेंबर 2006 मधली. मधल्या अडीच वर्षांचं तुमच्या जाहिरातीत काय आहे? पुण्याच्या या बाईंनी पुढं कित्येक वर्षं उड्यांमागून उड्या मारल्या, 2018 साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली, 2023 साली एव्हरेस्टसमोर. एवढ्या वर्षांच्या मेहनतीतली एक तारीख उचलायची आणि डाळमिलमधल्या पोरीला कर्ज काढायला लावण्यासाठी वापरायची, हे मला त्या बाईंचाही अपमान केल्यासारखं वाटतं.

तसंच अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचं. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीहून मुंबईचं विमान सुरू झालं. तिथं एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था येत असल्याचंही आम्ही पेपरात वाचलं. आम्हाला आनंद झाला. तुम्ही लगेच मेसेज टाकलात की आता वऱ्हाडात स्कायडायव्हिंगही येतंय, परवाना असलेल्यांना नोकऱ्या मिळतील. वैमानिक घडवणारी संस्था वेगळी, उड्यांचं केंद्र वेगळं, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीच्या लांबीचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं आहे, तिथून नियमित प्रवासी विमानही उडत नाही. केंद्र सरकारचं हवाई क्रीडा धोरण जून 2022 मध्ये आलं, त्यात स्कायडायव्हिंग आहे. पण धोरणाच्या पानाचा फोटो लावून नोकरीचं आमिष दाखवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

अमरावतीला अंगमेहनतीचं शिक्षण कसं द्यावं हे कोणी शिकवायची गरज नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून इथं उभं आहे. त्यांच्या पथकानं 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. अशा गावात वाढलेल्या माणसाला कळतं की दुखापत झाली, कापणी आली, घरात पैसा नसला की पोरगं काही महिने आखाड्यात येत नाही, आणि पुन्हा आलं की वस्ताद त्याला आधी जोर-बैठकांवर घेतो. त्याला कोणी नापास म्हणत नाही. त्याच्या बापाला सावकाराचा पत्ताही देत नाही.

दीड लाख म्हणजे काय, तेही ऐका. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. तो पुरता मिळाला असं धरलं तरी दीड लाखाला अठ्ठावीस क्विंटल सोयाबीन लागतं, त्यातून बियाणं, खत, फवारणी आणि मजुरी वजा न करता. माझा भाऊ ते पैसे उभे करायला तयार झाला होता. पोरीनंच नाही म्हटलं.

ती थांबली आहे. तो निर्णय तिचा आहे आणि माझ्या मते बरोबर आहे. अर्धवट पैशात चालू ठेवणं हा यातला सगळ्यात महागडा मार्ग. पगार झाला की एक उडी, मग दोन महिने काही नाही, पुन्हा एक उडी. दर वेळी तीस दिवस उलटलेले, दर वेळी आधी जुनंच घासून काढायचं, पैसे जात राहतात आणि लेव्हल जागची हलत नाही. त्यापेक्षा पूर्ण थांबावं, पूर्ण रक्कम जमवावी. त्यात दोन-तीन लेव्हल पुन्हा घ्याव्या लागतील, हवेसाठी चार दिवस जास्तीचे राहावं लागेल, तेही धरावं, आणि मग सलग जाऊन संपवावं. तिनं तसा तक्ता केला आहे. हिशोबखात्यातली पोरगी आहे, तुमच्या पॅकेजपेक्षा तिचा तक्ता स्वच्छ आहे.

मधल्या काळात ती रिकामी बसलेली नाही. घरच्या पलंगावर पालथी पडून कमान धरते, दर चार आकडे मोजले की मनगटाकडे बघते, कारण शेरा तोच होता. अडचणीच्या वेळचा क्रम, बघायचं, धरायचं, ओढायचं, तोंडपाठ म्हणत हात फिरवते. हैदराबादला उभ्या वाऱ्याचा बोगदा आहे, तिथं शरीर स्थिर ठेवायचा सराव होतो. अकोल्याहून काचीगुड्याची इंटरसिटी धरली की जाता येतं. तिथं विमानातून बाहेर पडणं, उंचीचं भान किंवा छत्री चालवणं शिकता येत नाही, हेही तिला ठाऊक आहे. म्हणून तेवढेच पैसे तिथं टाकणार आहे.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते. एक पानभर हिशोब: किती उड्यांचे पैसे घेतले, किती झाल्या, वाऱ्याचे किती दिवस कापले, आणि न झालेल्या उड्यांची रक्कम कधी परत देणार. ‘फी परत मिळत नाही’ हे वाक्य तुम्ही छापलं म्हणून तो कायदा होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीविरुद्ध आणि अनुचित व्यापार प्रथेविरुद्ध दाद मागता येते, आणि तक्रार ग्राहक जिथं राहतो तिथंच करता येते. म्हणजे तुमच्या शहरात आम्ही हेलपाटे घालायचे नाहीत. अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढं तुम्ही यायचं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीसुद्धा लागत नाही. व्हॉइस मेसेज, पावती आणि लॉगबुकच्या पानांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू.

आणखी एक. तिला पुन्हा कर्जासाठी फोन करू नका. मागच्या आठवड्यात तुम्ही तिच्या बापाला केला होता, शेतात असताना. तो साधा माणूस आहे, ‘बघतो साहेब’ म्हणाला. यापुढं त्याच्या नंबरवर फोन आला तर तो मी उचलीन.

पंधरा दिवसांत हिशोब पाठवा. कर्ज गळ्यात मारायला आमचा पत्ता तुम्हाला बरोबर सापडतो, त्याच पत्त्यावर पाठवा.

एका विद्यार्थिनीची आत्या,
रुक्मिणीनगर, अमरावती