विश्वासराव वाचले, पण पुरावा?

मराठी वाचकाच्या न्यायबुद्धीबद्दल आमच्या मनात कधीच शंका नव्हती. विज्ञानकथेला तो पुराव्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नाही आणि ऐतिहासिक कादंबरीला पुरावा विचारण्याचा उद्धटपणा करत नाही. सगळं काल्पनिक आहे असं लेखकानेच सांगून टाकलं की हा भिंग काढतो. भिंगाची खरी गरज असते तिथे रुमाल काढतो.

या न्यायबुद्धीचं खंडपीठ आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बसतं. त्याला ‘वाचक कट्टा’ म्हणतात. सरकार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं. वाचकांना वर्ग देण्याची तरतूद अजून नाही, त्यामुळे कट्ट्यावर सगळे ‘अ’ वर्गातच बसतात. चहा ग्रंथालयाचा, बिस्किटं अध्यक्षांची आणि मतं ज्याची त्याने घरून आणायची. पुस्तक वाचून येण्याची सक्ती नाही. मध्यंतरी तसा ठराव आला होता, पण त्या दिवशी गणसंख्याच भरली नाही.

कट्ट्याचा जीव की प्राण म्हणजे इतिहास. म्हणजे अर्थात ऐतिहासिक कादंबरी. दोन्हींत फरक करणारा माणूस आमच्याकडे शिष्ट समजला जातो. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ सिनेमा आला आणि शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीसाठी काउंटरवर चिठ्ठ्या पडू लागल्या. वाचन वाढलं म्हणून ग्रंथपालबाई हरखल्या. महिन्याभराने कट्ट्यावर चर्चा झाली, तेव्हा सिनेमा पाहून कादंबरीकडे वळलेल्या तीन सभासदांनी एकमुखाने तक्रार नोंदवली की लेखकाने मूळ कथेत बरेच बदल केले आहेत.

त्याच सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. तिचा विषय निघाला की निवृत्त मामलेदार साहेबांचा आवाज कातर होतो. कर्णाची बाजू आता सिद्ध झालेली आहे, असं ते म्हणतात. कशावरून, असं एकदा कुणीतरी विचारलं. साहेब म्हणाले, “अहो, स्वतः कर्ण सांगतोय. कुंती सांगतेय, दुर्योधन सांगतोय, शोण, वृषाली, शेवटी श्रीकृष्ण. सहा जबाब आहेत. मी दोन जबाबांवर फेरफार मंजूर केलेत!” यावर अपील करणार कुठे?

इतिहासाचं मूल्यमापन करण्याची कट्ट्याची स्वतःची एकके आहेत. सर्वांत लहान एकक ‘छान आहे’. त्यावर ‘अंगावर काटा आला’. त्याहून वर ‘रक्त सळसळलं’. आणि ‘दोन रात्री झोप नाही’ हा तर सर्वोच्च सन्मान. तो आजवर ‘स्वामी’, ‘राऊ’ आणि ‘पानिपत’ यांना मिळाला आहे. तिघांचेही लेखक वेगळे, पेशवे वेगळे, पण झोप न लागलेले काका एकच. त्यांना तसाही निद्रानाश आहे, ही माहिती आम्हाला त्यांच्या सौभाग्यवतींनी पुरवली. ती टीकेच्या कक्षेत येत नाही म्हणून आम्ही ती इतिवृत्तात घेतली नाही.

रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची भली लांब प्रस्तावना आहे. शिवाजी महाराजांकडे इतिहासाच्या अंगाने कसं पाहायचं, कादंबरीकारापुढे कोणते पेच असतात, हे मराठीत इतक्या ताकदीने फार थोड्यांनी मांडलं असेल. ग्रंथालयाच्या प्रतीत कादंबरीची पानं हाताळून हाताळून मऊ पडली आहेत, कोपरे गेले आहेत, एका ठिकाणी हळदीचा डाग आहे. प्रस्तावनेची पानं मात्र करकरीत. एका आजींचा तर समज होता की बांधणीवाल्याने दुसऱ्याच पुस्तकाचा फर्मा यात शिवला.

वि. का. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंडही आमच्याकडे आहेत. त्या माणसाने गावोगाव पायपीट करून, वाड्यावाड्यांतली दप्तरं उलथीपालथी करून बावीस खंड काढले. ते आमच्या वाचनकक्षात सर्वांत खालच्या फळीवर असतात. सध्या त्यांतले चार वर आले आहेत. टेबलफॅनला उंची कमी पडत होती.

फार जुनी गोष्ट. ग्रँट डफ साहेबाने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या विद्यार्थ्याने त्यातल्या चुका दाखवणारा निबंध लिहिला, आणि १८६० च्या दशकात, साहेबाचं राज्य ऐन भरात असताना, साहेबाच्या ग्रंथावर तो पोरगा बोलला. या कीर्तन्यांनी टीका करण्याआधी डफचं पुस्तक वाचलं होतं. तेव्हा तशी पद्धत होती.

आता ही पद्धत कट्ट्यावर पुन्हा आणू पाहणाऱ्या एका तरुण शिक्षिकेचं काय झालं, ते सांगितलं पाहिजे. एका कादंबरीवर सगळे भारावून बोलत असताना तिने साधा प्रश्न विचारला: हा जो दरबारातला संवाद आहे, तो कुठल्या पत्रात, कुठल्या बखरीत आहे की लेखकाने रचला आहे? क्षणभर पंख्याचा आवाज ऐकू आला. मग एक ज्येष्ठ सभासद अतिशय मृदू स्वरात म्हणाले, “ताई, तुमचं आडनाव काय म्हणालात?” तिने सांगितलं. समोरची अर्धी खुर्च्यांची रांग ‘अच्छा!’ म्हणाली, उरलेली अर्धी ‘तरीच!’ म्हणाली. प्रश्नाचं उत्तर मिळालं असं समजून सभा पुढे सरकली. ऐतिहासिक साधनांत पत्रं, बखरी, शकावल्या, कागद हे सगळं येतं. पण आपल्याकडे निर्णायक साधन आडनाव.

जगाच्या इतिहासाला मात्र हे बंधन नाही. युवाल नोआ हरारी यांच्या ‘सेपियन्स’चा वासंती फडके यांनी केलेला मराठी अनुवाद ग्रंथालयात आला, तेव्हापासून आमचे एक दंतवैद्य सभासद प्रागैतिहासिक झाले आहेत. माणसाने गहू माणसाळवला नाही, गव्हाने माणसाला माणसाळवलं, हे वाक्य ते गेली कित्येक लग्नं पंगतीत तिसरी पोळी वाढून घेताना म्हणतात. पुस्तकात पुढे विज्ञान आहे, साम्राज्यं आहेत, पैसा आहे. डॉक्टर अजून शेतातच आहेत. पण गंमत पाहा. सत्तर हजार वर्षांपूर्वी माणसाच्या मेंदूत काय उलथापालथ झाली, याबद्दल कट्ट्यावर एकाचंही दुमत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी काय झालं, हा विषय ठेवायचा तर आधी पोलीस ठाण्याला पत्र द्यावं लागतं.

अद्भुत कादंबऱ्यांकडे कट्टा शक्यतो पाहत नाही. कॉलेजातला एक मुलगा जॉर्ज मार्टिन यांचं पुस्तक घेऊन आला होता. त्या मालिकेचा पाचवा भाग २०११ मध्ये निघाला आणि सहाव्याची वाट पाहता पाहता हा पाळण्यातून मिसरुडापर्यंत पोचला, असं त्याने कळवळून सांगितलं. अध्यक्षांना पुस्तकात काय आहे ते हवं होतं. ड्रॅगन आहेत म्हटल्यावर ते दुखावले. “ड्रॅगन वाचायचं हे वय आहे का? आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” त्यांच्या वेळी ‘चांदोबा’ होता, आणि त्यात दर महिन्याला राजा विक्रम खांद्यावर प्रेत टाकून चालायचा, प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगायचा, हे मुलाने नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. “ते वेगळं,” अध्यक्ष म्हणाले. “वेताळ आपला आहे.”

अध्यक्षांच्याही आधीच्या पिढ्या काय वाचत होत्या, याची चौकशी केली तर अब्रूवर बेतेल. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, आणि तिच्यात योगायोगांची नुसती रेलचेल. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ १९१३ चा. गो. ना. दातारांच्या गुहा, भुयारं आणि खलपुरुष तर घराघरांत कंदिलाच्या उजेडात वाचले गेले. पणजोबांनी हे चोरून वाचलं, आजोबांनी उघड वाचलं आणि नातवाने हॅरी पॉटर मागितल्यावर दोघांच्या वतीने वडिलांनी त्याला ‘काहीतरी सकस’ वाचायला सांगितलं.

आता विज्ञानकथा. हा प्रांत आमच्याकडे वीज खात्यातून निवृत्त झालेल्या एका कार्यकारी अभियंत्यांच्या ताब्यात आहे. त्यांची कसोटी एकच: “हे शक्य आहे का?” अरुण साधूंची ‘विप्लवा’ असो की बाळ फोंडक्यांची एखादी कथा, साहेब पेन्सिल घेऊन वाचतात आणि समासात बेरजा करतात. एका कथेतल्या अंतराळयानाला अर्थिंग कुठे दिलं आहे, हा त्यांचा प्रश्न चर्चा संपेपर्यंत टिकून राहिला. प्रेमकथेत नायक पहिल्या भेटीत प्रेमात पडला तर ते शक्य आहे का, असं ते विचारत नाहीत. तो अनुभव त्यांच्या खात्याबाहेरचा असावा.

अशा वाचकांना ओळखूनच की काय, जयंत नारळीकरांनी आपली पहिली मराठी विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ नाव लपवून पाठवली. १९७४ ची मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नीकडून लिहून घेतला. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. जागतिक कीर्तीच्या खगोलशास्त्रज्ञाने नाव बाजूला ठेवून फक्त कथेवर निकाल मागावा, हे आमच्या कट्ट्याला अजून पटलेलं नाही. अभियंता साहेबांचा मुद्दा बिनतोड आहे: लेखक कोण हे कळलं नाही तर कथा चांगली आहे की नाही हे ठरवायचं कसं? पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, तेव्हा कट्ट्याने सवड काढून विज्ञानकथा हे साहित्य असल्याचं मान्य केलं. मान्यता त्या एका वर्षापुरती होती, असं काही सभासद आजही म्हणतात.

खरा घोळ झाला तो नारळीकरांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने. शिक्षिकेनेच ती चर्चेला सुचवली. पोरीची खोड काही जात नाही. कथेतले गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते अशा एका जगात जागे होतात, जिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागायची ती गोळी हुकली, मराठे जिंकले आणि पुढचा सगळा इतिहास दुसऱ्याच वाटेने गेला.

कट्ट्याची पहिली दहा मिनिटं नुसत्या गोंधळात गेली. विश्वासराव वाचले हे ऐकून झोप न लागणाऱ्या काकांचे डोळे भरून आले. त्यांनी जागच्या जागी कथेला सर्वोच्च सन्मान देऊन टाकला. तेवढ्यात मामलेदार साहेबांनी हरकत घेतली. ही ऐतिहासिक कथा असेल तर विश्वासराव वाचल्याचा पुरावा दाखवा! कट्ट्याच्या इतिहासात ऐतिहासिक कथेला पुरावा मागितला जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि मागितला तोही नेमका जी घटना घडलीच नाही तिच्यासाठी. ही विज्ञानकथा आहे, असं शिक्षिकेने सांगताच अभियंता साहेब सरसावले. गोळीचा वेग किती होता, वारा कुठल्या दिशेचा होता आणि अशी दोन जगं शेजारी शेजारी असणं शक्य आहे का? जॉर्ज मार्टिनवाला मुलगा मध्येच म्हणाला की हे अद्भुतही म्हणता येईल. त्यावर “विश्वासराव आपले आहेत!” असं अध्यक्ष इतक्या जोरात ओरडले की चहावाला आत आला.

कथेत पुढे काय होतं तेही शिक्षिकेने सांगून पाहिलं. त्या दुसऱ्या जगातल्या आझाद मैदानावर एक सभा भरलेली असते आणि अध्यक्षाची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. लोक अध्यक्षीय भाषणांना इतके विटलेले असतात. आपल्या इतिहासाच्या अधिकारावर विसंबून गंगाधरपंत मंचावर चढतात, त्या खुर्चीत बसतात, चार शब्द सुनवायला लागतात आणि श्रोते त्यांच्यावर टोमॅटो-अंडी फेकतात. आमच्या अध्यक्षांनी हा भाग कथेच्या प्रकृतीशी विसंगत ठरवला. तो इतिवृत्तातून वगळण्याची सूचना त्यांनीच मांडली आणि अनुमोदनही त्यांनीच दिलं.

ग्रंथपालबाईंचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता: पुस्तक कुठल्या कपाटात ठेवू? ऐतिहासिक कपाटातल्या वाचकांनी ‘हे घडलेलं नाही’ म्हणून ते नाकारलं, विज्ञानाच्या कपाटाने ‘यात पेशवे आहेत’ म्हणून. शेवटी मामलेदार साहेबांनी शेरा दिला: वाद मिटेपर्यंत पुस्तक जप्तीत ठेवावं. सध्या ते बाईंच्या टेबलाच्या खणात, हरवलेल्या छत्र्यांच्या नोंदवहीखाली आहे आणि शिक्षिकेच्या वर्गातली सहा पोरं ते आळीपाळीने तिथून नेतात, असा आमचा संशय आहे. कारण नोंदवहीवर चिंचेचे डाग पडले आहेत.

पुढच्या शनिवारी फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ ची ‘ड्यून’ ठेवली आहे. मुलाने तिची तोंड भरून शिफारस केली. ग्रंथालयात प्रत नाही, पण त्याने कुणाचं अडलेलं नाही. दंतवैद्यांनी सिनेमाचा पहिला भाग अर्धा पाहिला आहे आणि अध्यक्ष नुकतेच मुलीकडे दुबईला राहून आले. वाळवंटाबद्दल जे काही लिहिलं असेल ते कितपत खरं आहे, यावर ते पाऊण तास बोलणार आहेत.